स्मार्टफोनवरील सुरक्षित वेब ब्राउझिंग

स्मार्टफोनच्या ब्राउझरमधून संकेतस्थळे पाहताना, खात्यात प्रवेश करताना किंवा पैशाचे व्यवहार करताना वापरकर्त्याची माहिती, ओळख आणि पैसा यांचे रक्षण करणाऱ्या तांत्रिक सोयी व सवयी यांचा या विषयात समावेश होतो. संगणकावरील ब्राउझिंगची तत्त्वे येथेही लागू असली, तरी फोनची काही स्वतंत्र वैशिष्ट्ये आहेत. गेल्या दशकभरातील सर्वांत महत्त्वाचा बदल असा, की खरे संकेतस्थळ कोणते आणि बनावट कोणते हे ओळखण्याचे काम वापरकर्त्याच्या डोळ्यांकडून हळूहळू यंत्राकडे सोपवले जात आहे.

या बदलाचे मूळ छोट्या पडद्यात आहे. संगणकावर माउसचा बाण दुव्यावर नेला की पुढचा पत्ता दिसतो. फोनवर त्यासाठी दुवा दाबून धरावा लागतो, आणि तसे करणारे थोडेच असतात. पत्त्याची पट्टी अरुंद असल्यामुळे लांब पत्ता अर्धाच दिसतो. फसवी पाने तयार करणारे याचा फायदा घेऊन पत्त्याच्या सुरुवातीला एखाद्या परिचित संस्थेचे नाव घालतात. वास्तविक संकेतस्थळाचे खरे नाव पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधी असते, म्हणून तेथून उजवीकडून डावीकडे वाचत गेले पाहिजे. रोमन अक्षरासारखेच दिसणारे सिरिलिक अक्षर वापरून केलेली नक्कल तर डोळ्यांना ओळखताच येत नाही. अशा वेळी वापरकर्त्याला निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हाबद्दलही मोठा गैरसमज आहे. ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातील संवाद कूटबद्ध करण्याची, म्हणजे इतरांना वाचता येणार नाही अशा रूपात बदलण्याची, पद्धत नेटस्केप या कंपनीने १९९५ मध्ये प्रचारात आणली. तिच्या आजच्या रूपाची, म्हणजे टीएलएसची, १.३ ही आवृत्ती २०१८ मध्ये प्रमाणित झाली. त्यासाठी संकेतस्थळाला लागणारे डिजिटल प्रमाणपत्र पूर्वी सहसा विकत घ्यावे लागे. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने २०१५ पासून ते सर्वांना विनामूल्य दिले, आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर कूटबद्ध नसलेल्या प्रत्येक पानावर ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागला. यामुळे वाटेत माहिती चोरणे कितीतरी अवघड झाले. मात्र हेच प्रमाणपत्र फसव्या संकेतस्थळालाही सहज मिळते. संवाद तिसऱ्या कोणाला वाचता येत नाही एवढेच ते कुलूप सांगे, समोरचा पक्ष प्रामाणिक असल्याची ग्वाही देत नसे. क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकले, हे योग्यच झाले.

ब्राउझर धोकादायक पत्त्यांच्या याद्याही बाळगतात. गूगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’ सेवेत प्रत्येक पत्त्याचा गणिती ठसा काढून त्याचा केवळ सुरुवातीचा तुकडा यादीशी ताडला जातो, त्यामुळे पूर्ण पत्ता उघड न करता तपासणी होऊ शकते. फसवी पाने काही मिनिटांतच उगवतात आणि नाहीशी होतात, म्हणून फोनवर साठवलेली यादी अपुरी पडते. क्रोमने २०२४ पासून ही पडताळणी त्याच क्षणी करण्यास सुरुवात केली.

फिशिंगवरील, म्हणजे बनावट पानांद्वारे पासवर्डसारखी माहिती काढून घेण्यावरील, सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पासवर्डऐवजी वापरली जाणारी पासकी. तिचा पाया असलेले वेबऑथन हे मानक वेबची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मार्च २०१९ मध्ये स्वीकारले, आणि मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी त्याला एकत्रित पाठिंबा जाहीर केला. खाते उघडताना फोन दोन जोडकिल्ल्या, म्हणजे एकमेकींशी गणिताने जोडलेले दोन संकेत, तयार करतो : सार्वजनिक किल्ली संकेतस्थळाकडे जाते, तर खासगी किल्ली संकेतस्थळाला कधीच दिली जात नाही. प्रवेशाच्या वेळी संकेतस्थळ एक यादृच्छिक संदेश पाठवते. वापरकर्त्याने बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन यांनी संमती दिल्यावर फोन त्या संदेशावर खासगी किल्लीने सही करतो. बोटाचा ठसा फोनबाहेर जात नाही. विशेष म्हणजे प्रत्येक किल्ली एकाच संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असते. पान हुबेहूब असले, वापरकर्ता पूर्ण फसला असला, तरी नाव जुळत नसल्यामुळे फोन ती किल्ली पुढेच करत नाही. ओटीपीत हे संरक्षण नसते, कारण बनावट पानावर टाकलेला ओटीपी त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर वापरता येतो. तथापि पासवर्ड विसरल्यास एसएमएसवर खाते परत मिळवण्याची जुनी वाट चालू ठेवली असेल, तर हल्लेखोर त्या वाटेनेच येतो. फोनचा पिन इतरांना ठाऊक असणे हीदेखील तेवढीच गंभीर बाब होय.

संकेतस्थळे कॅमेरा, मायक्रोफोन, स्थान आणि सूचना यांच्या परवानग्या मागतात. यांपैकी सूचनांची परवानगी निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात ‘फोनमध्ये व्हायरस आहे’ असे खोटे इशारे तिच्याच आधारे पाठवले जातात. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून कॅमेरा किंवा मायक्रोफोन चालू असल्यास पडद्याच्या वरच्या भागात रंगीत खूण दिसते. इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी ब्राउझिंगची, खिडकी फोनवरील इतिहास जतन करत नाही. इंटरनेट सेवादाता आणि संकेतस्थळ यांच्यापासून ती वापरकर्त्याला लपवत नाही.

या सर्व सोयी ब्राउझर अद्ययावत असेपर्यंतच भरवशाच्या राहतात. अँड्रॉइडवर ब्राउझर प्रणालीपासून वेगळा अद्ययावत होतो, तर आयफोनवर सफारीच्या सुधारणा सामान्यतः प्रणालीबरोबरच येतात. काही उत्पादक २०२३ पासून निवडक फोनांना सात वर्षे सुरक्षा सुधारणा देण्याचे आश्वासन देत आहेत. हा काळ ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजला जातो, ग्राहकाने खरेदी केल्यापासून नव्हे. म्हणून वापरलेला फोन घेताना त्याचा किती काळ उरला आहे हे आधी तपासावे लागते.