‘उच्च धोका’ म्हणजे धरण फुटायला आले, असे नव्हे

‘खासगी मालकीच्या लहान मातीच्या धरणाला “उच्च धोका” असा वर्ग मिळाला, म्हणजे ते आता फुटणार’, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे, आणि तो शब्दच असा आहे की वाचणाऱ्याला तसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बहुतेक वर्गीकरण पद्धतींत हा वर्ग धरणाच्या स्थितीबद्दल काहीच सांगत नाही. धरण फुटलेच, तर खालच्या बाजूला किती जीवित व वित्तहानी होईल, एवढेच तो सांगतो. म्हणून धरणाच्या भरावात (मातीच्या बांधात) काहीही न बदलता, केवळ खाली नवी घरे उभी राहिल्याने वर्ग वाढू शकतो आणि उलट ‘कमी धोका’ असलेले धरण आतून पोखरलेले असू शकते. ही दुसरी बाजू मला अधिक काळजीची वाटते.

धरणाची खरी स्थिती पडताळण्यासाठी तपासणी अहवालातील स्थितीची स्वतंत्र नोंद तारखेसह वाचावी. मग पायथ्याचा पाझर सुरक्षित जागी उभे राहून न्याहाळावा: थोडा नितळ, स्थिर पाझर मातीच्या धरणांत सहसा असतोच, पण काचेच्या ग्लासात घेतलेले पाणी गढूळ दिसले आणि तळाशी माती बसली, तर भरावातील कण वाहून जात असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी तज्ज्ञाला कळवावे. सांडवा (जादा पाणी बाहेर सोडणारी वाट) झुडपांनी तुंबलेला असेल, तर पुराचे पाणी भरावाच्या माथ्यावरून वाहू शकते आणि मातीचे धरण ते फार वेळ सोसू शकत नाही.