काट्यावरचे पाणी

रविवारी रात्री वाढदिवसाचे जेवण झाले. तळलेले बटाटे, केकचे दोन तुकडे, वर आइस्क्रीम. सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहावे, तर आकडा १.७ किलोने वर. तीन आठवडे साखर नाही, पिष्ट नाही, आणि एका जेवणाने सगळे मुसळ केरात! कीटो, म्हणजे कर्बोदके अगदी कमी आणि चरबी जास्त असा आहार, करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी अशी सकाळ येते. काही जण तिथेच हात टेकतात आणि ये रे माझ्या मागल्या सुरू होते.

जरा हिशेब करून पाहू. शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. १.७ किलो चरबी एका रात्रीत चढायची, तर रोजच्या गरजेच्या वर सुमारे १३,००० किलोकॅलरी पोटात जायला हव्यात. म्हणजे नेहमीचे जेवून झाल्यावर आणखी पाच-सहा दिवसांचे अन्न एकाच बैठकीत. केकचे दोन तुकडे कितीही मोठे कापले तरी हे गणित जमत नाही. मग काट्यावर चढले ते काय?

बहुतांशी पाणी. आपले शरीर ग्लुकोजच्या लांब फांद्याफांद्यांच्या साखळ्या गुंफते आणि ग्लायकोजेन नावाने साठवते. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास. हे ग्लायकोजेन कोरडे राहत नाही. दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसते. कर्बोदके दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आणली की हा साठा उपसला जातो. तो निम्म्यावर आला असे धरा. २५० ग्रॅम ग्लायकोजेन गेले, त्यामागे ७५० ग्रॅम पाणी गेले. चरबीला हातही न लागता एक किलो उतरला.

त्यात मूत्रपिंडाची भर. इन्सुलिनचे एक फारसे न बोलले जाणारे काम म्हणजे मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला लावणे. कर्बोदके घटली की इन्सुलिन उतरते, सोडियम लघवीवाटे निसटते आणि सोबत पाणी घेऊन जाते. पहिल्या आठवड्यात सारखे लघवीला जावे लागते, डोके धरते, हातापायांतले त्राण गेल्यासारखे वाटते, ते बरेचसे यामुळेच. लोक याला ‘कीटो फ्लू’ म्हणतात. विषाणूचा त्यात काही संबंध नाही. बहुतेक वेळा मीठ आणि पाणी कमी पडलेले असते.

म्हणून पहिल्या आठवड्यात अडीच किलो उतरले, तर त्यात चरबी किती? रोज ५०० किलोकॅलरींची तूट असेल तर आठवड्याची झाली ३,५००, म्हणजे जेमतेम ४५० ग्रॅम चरबी. बाकीचे पाणी आणि ग्लायकोजेन. दुसऱ्या आठवड्यातही तेच ४५० ग्रॅम उतरतात, पण आता जोडीला पाणी नसते. “वेग एकदम मंदावला हो,” अशी तक्रार इथे सुरू होते. चरबीचा वेग होता तेवढाच आहे. पहिल्या आठवड्याचा आकडा फुगलेला होता.

याचा नीटस पुरावा २०१६ मध्ये छापून आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तेव्हा काम करणारे केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ जाड पुरुषांना दोन महिने संशोधन-कक्षातच ठेवले. आधी चार आठवडे भरपूर कर्बोदकांचा आहार, मग चार आठवडे कीटो; कॅलरी आणि प्रथिने दोन्हीकडे सारखीच. कीटो सुरू होताच वजन झपाट्याने उतरले. शरीरातली चरबी मात्र आधीपेक्षा हळू उतरू लागली. कर्बोदकांच्या आहारात शेवटच्या १५ दिवसांत जी अर्धा किलो चरबी गेली होती, तेवढीच जायला कीटोवर अख्खे २८ दिवस लागले. या प्रयोगात सर्वांना आहार एकाच क्रमाने दिले होते, हा आक्षेप रास्त आहे. तरी काटा एक सांगतो आणि चरबी दुसरेच, हे त्यात स्वच्छ दिसले.

आता उलटा प्रवास. रविवारच्या जेवणाने ग्लायकोजेनची रिकामी कोठारे भरली, त्यामागे पाणी आले, इन्सुलिन वाढल्याने मूत्रपिंडाने मीठ धरले, आणि सकाळी आतड्यात न पचलेले अन्न होतेच. या सगळ्याची बेरीज १.७ किलो सहज होते. मासिक पाळीच्या आधी अंगात धरणारे पाणी, अवघड व्यायामानंतर सुजलेले स्नायू, दोन दिवसांची बद्धकोष्ठता, हीही अशीच ये-जा करणारी मंडळी. रोजची चरबी उतरते ६०-६५ ग्रॅम आणि पाणी डुलते किलोभर. या गलबल्यात ६५ ग्रॅमचा आवाज काट्याला एका दिवसात कसा ऐकू यावा?

काटा भरवशाचा नाही म्हणून काही जण लघवीच्या पट्टीकडे वळतात. फिकट बदामी रंगाची ती पट्टी भिजवायची आणि काही सेकंद थांबायचे. कीटोन (कर्बोदके कमी पडली की यकृत चरबीपासून बनवते ते इंधन) असतील तर रंग गुलाबी होतो, जास्त असतील तर जांभळट. पहिल्या पंधरवड्यात हा जांभळा रंग पाहून काय हुरूप येतो! मग काही आठवड्यांनी पट्टी फिकी पडू लागते आणि पोटात गोळा येतो. पण ही पट्टी मोजते फक्त ॲसिटोॲसिटेट नावाचा कीटोन. शरीर कीटोनला सरावले की रक्तातला मोठा वाटा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या दुसऱ्याच कीटोनचा असतो, तो पट्टीला दिसतच नाही. शिवाय मूत्रपिंडेही कीटोन वाया घालवणे कमी करतात. पाणी भरपूर प्यायले तरी रंग उतरतो.

याहून मोठी गफलत उलट्या बाजूची आहे. पट्टी गडद जांभळी आली म्हणजे अंगावरची चरबी जळतेय असे नाही. यकृताला चरबी कमरेवरून आली की ताटातल्या लोण्यातून, हे कळत नाही. ते दोन्हीचे कीटोन करते. या आहाराचा जन्मच मुळी वजनासाठी झालेला नाही. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रुग्णांसाठी सुचवला. अपस्माराच्या काही मुलांना तो आजही देतात, आणि त्यांच्या वाढीला पुरतील एवढ्या कॅलरी मोजून देतात. म्हणजे मूल पक्क्या कीटोसिसमध्ये (रक्तात कीटोन वाढलेल्या अवस्थेत) असते आणि त्याचे वजन वाढत असते. कीटोसिस आणि वजन घटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

पाण्याचा खेळ वजा केला तरी खरे पठार उरतेच. महिनोन्महिने वजन हलत नाही. याला सगळे जण ‘चयापचय मंदावले’ म्हणून मोकळे होतात. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे मधुमेहाच्या एका औषधामुळे उलगडले. कॅनाग्लिफ्लोझिन हे औषध ग्लुकोज लघवीवाटे बाहेर टाकते. औषध घेणाऱ्याच्या अंगातून रोज सुमारे ३६० किलोकॅलरी अशा निघून जातात आणि त्याला पत्ताही नसतो. वर्षभर रोज एवढी तूट, तर वजन उतरतच जायला हवे. ते सरासरी चार किलोंच्या आसपास उतरले आणि थांबले. हॉल यांच्याच गटाने २०१६ मध्ये त्याचे गणित मांडले: गेलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २०-३० किलोकॅलरींनी घटतो, पण भूक वाढते ती दर किलोमागे सुमारे १०० किलोकॅलरींनी. खर्चाच्या कपातीपेक्षा भुकेची ओढ तिप्पट-चौपट! दहा किलो उतरलेला माणूस रोज हजार किलोकॅलरींची जास्तीची ओढ अंगावर वागवत असतो. कीटोसिसमध्ये ही ओढ काही काळ बोथट होते, आणि माझ्या मते या आहाराचे खरे बळ चयापचयाच्या कसल्या जादूत नाही, या बोथट भुकेत आहे.

ओढ परत येते तेव्हा ती दणदणीत जेवणाच्या रूपाने येत नाही. ती तेलाच्या धारेतून येते. स्वयंपाकाच्या काट्यावर पातेले ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि ‘एक चमचा’ तेल नेहमीसारखे बाटलीतून ओता. मोठा चमचा म्हणजे १४ ग्रॅम, १२० किलोकॅलरी. काट्यावर २५-३० दिसले तर नवल नको. जाता-येता तोंडात टाकलेले दोन मुठी बदाम साडेतीनशेच्या घरात जातात. कर्बोदके मोजणाऱ्या माणसाच्या वहीत यातले काहीच चढत नाही, कारण तेलात कर्बोदके शून्य.

वही लिहिणाराही प्रामाणिकपणे चुकतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी ‘काही केल्या वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्या दहा जणांना तपासले. त्यांचे चयापचय ठीकच निघाले. त्यांनी सांगितलेले खाणे मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होते आणि सांगितलेले श्रम ५१ टक्के जास्त. याला लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल. अंदाजाने मोजणारा कोणीही असाच चुकतो, मीसुद्धा.

आणि सगळ्यांना सारखे फळेल अशी आशाही नको. स्टॅनफर्डच्या २०१८ च्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर कमी स्निग्धांश किंवा कमी कर्बोदकांचा आहार दिला. सरासरी घट ५.३ आणि ६.० किलो; फरक नगण्य. पण दोन्ही गटांत कोणी ३० किलो उतरवले, तर कोणाचे दहाएक किलो वाढले. (कमी कर्बोदके म्हणजे तिथे सरसकट कडक कीटो नव्हे, हे खरे.)

एक मात्र अंदाजावर सोडू नये. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कीटो नको. वर सांगितलेल्या कॅनाग्लिफ्लोझिनच्या जातीची औषधे आणि कीटो एकत्र आले, तर साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस (कीटोन बेसुमार साचून रक्त आम्लधर्मी होणे) होऊ शकतो, आणि तो जिवावर बेततो.

बाकी पठार खरे की पाण्याचे, हे घरी ताडता येते. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करावे आणि सात दिवसांची सरासरी काढावी. एकट्या सोमवारला शुक्रवाराशी जुंपू नये. सरासरीची गाठ मागच्या सरासरीशी घालावी. चार आठवडे सरासरी जागची हलली नाही, तर पठार खरे समजावे आणि तेलाची बाटली काट्यावर घ्यावी. त्या सोमवारच्या १.७ किलोंचे म्हणाल, तर पुन्हा नेहमीचे कीटोचे जेवण सुरू केल्यावर शनिवार-रविवारपर्यंत त्यातले बहुतेक लघवीवाटे गेलेले असतात.