संपर्क-इशारा ॲप : परिणामाचे मोजमाप

बाधित व्यक्तीच्या जवळ आपण काही वेळ होतो, अशी सूचना स्मार्टफोनवर देणाऱ्या ॲपमुळे कोविड-१९ साथीचा फैलाव किती रोखला गेला, याचा अंदाज बांधण्याच्या पद्धती. मोजायचे असते ते न झालेले आजारपण, आणि त्याची नोंद कोणत्याच रुग्णालयात नसते. शिवाय गूगल व ॲपल यांनी मे २०२० मध्ये खुल्या केलेल्या यंत्रणेत फोन ब्लूटूथवरून सतत बदलणारे निनावी संकेत पाठवत. कोण कोणाजवळ होते हे सर्व्हरला कळतच नसे. वापरणाऱ्याची ही सोय संशोधकाची मात्र पंचाईत करते.

आधी फोनला अंतर कळते का, हेच तपासावे लागते. डब्लिनमधील संशोधकांनी २०२० मध्ये स्वयंसेवकांना फोन देऊन ट्राममध्ये बसवले. धातूच्या डब्यात संकेत इतके परावर्तित होत होते की जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या ॲपचे निकष लावल्यावर दोन मीटरच्या आत बसलेल्यांनाही एकसुद्धा इशारा गेला नसता. त्याच वर्षी स्पेनच्या ला गोमेरा बेटावर लुटुपुटीचे ‘बाधित’ ठरवून चाचणी झाली. ॲप सुमारे ३३ टक्के लोकांपर्यंत पोहोचले आणि दर ‘बाधिता’मागे सरासरी ६.३ संपर्क सापडले. यातून यंत्रणा चालते हे दिसले. साथ थांबते का, हा प्रश्न उरलाच.

त्याचे सर्वांत तपशीलवार उत्तर इंग्लंड-वेल्समधून आले. तेथील सरकारी आरोग्यसेवेचे (एनएचएस) ‘एनएचएस कोविड-१९’ ॲप २४ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाले. सुमारे १ कोटी ६५ लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या २८ टक्के, ते नियमित वापरत होते. डिसेंबरअखेर सुमारे १७ लाख इशारे गेले. इशारा मिळालेल्यांपैकी साधारण ६ टक्के पुढे लक्षणांसह बाधित निघाले. माणसांनी फोन करून शोधलेल्या संपर्कांतही प्रमाण जवळपास तेवढेच होते, म्हणजे इशारे अंदाधुंद जात नव्हते.

टळलेले रुग्ण दोन वाटांनी मोजले. गणिती प्रारूपात इशाऱ्यांची संख्या, ते किती लवकर पोहोचले आणि लोक खरोखर घरी थांबले का, यांवरून २,८४,००० हा आकडा आला. दुसऱ्या वाटेने शेजारशेजारच्या, परिस्थितीने सारख्या भागांची तुलना केली. ॲपचा वापर जास्त तिथे रुग्ण किती कमी, हे पाहून ५,९४,००० हा आकडा निघाला. दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीहून अधिक, आणि पहिल्या अंदाजाची मर्यादाच १,०८,००० ते ४,५०,००० अशी ऐसपैस. ॲप घेणारे लोक मुळातच जपून वागणारे असतील, तर दुसऱ्या आकड्यात त्यांच्या सावधपणाचे श्रेयही ॲपच्या खात्यावर जमा होते. म्हणून बातम्यांत मिरवणाऱ्या सहा लाखांपेक्षा पहिला अंदाज अधिक विश्वासाचा वाटतो. पण त्यातही ‘घरी थांबले का’ याचे उत्तर सर्वेक्षणांवरून धरलेले आहे.

इशारा आला की घरी थांबायचे, हा दुवा जुलै २०२१ मध्ये ताणला गेला. एका आठवड्यात सहा लाखांवर इशारे गेले, दुकाने-कारखान्यांत माणसे कमी पडली आणि वृत्तपत्रांनी त्याला ‘पिंगडेमिक’ (‘पिंग’ म्हणजे फोनवरच्या इशाऱ्यांची साथ) म्हटले. ऑगस्टमध्ये नियम बदलला : लक्षणे नसलेल्या बाधिताचे मागील पाचऐवजी दोनच दिवसांचे संपर्क धरले जाऊ लागले.

भारतातील ‘आरोग्य सेतू’ ब्लूटूथबरोबर जीपीएसही वापरत असे आणि त्याची रचना वेगळी होती; हे आकडे त्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत.