प्रसाधनाचे लेबल छापायला टाकण्यापूर्वी
घरी तयार केलेला साबण, तेल, उटणे आणि क्रीम ऑनलाइन विकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

आमच्या छापखान्यात प्रसाधनांची लेबले करून घेणारे बहुतेक ग्राहक घरातूनच उद्योग सुरू केलेले आहेत. माल कसा करायचा, बाटली कोणती निवडायची, फोटो कसे काढायचे आणि ऑनलाइन दुकान कसे उघडायचे, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तरीही दर आठवड्याला कोणी ना कोणी डिझाइन पुढे ठेवून विचारते, की लायसन्स नंबरच्या जागी काय टाकायचे? त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर एकदा लेखी द्यावे, म्हणून हे पत्रक काढले आहे.

त्या जागी फक्त प्रसाधने तयार करण्याच्या परवान्याचा क्रमांक येतो. तो हाती नसेल, तर लेबल छापण्याची वेळ अजून आलेली नाही.

उद्यम नोंदणीचा क्रमांक, शॉप ॲक्टचा क्रमांक, जीएसटी क्रमांक किंवा ट्रेडमार्कच्या अर्जाचा क्रमांक यांपैकी एकही तेथे चालत नाही. या नोंदी आपापल्या कामासाठी आवश्यक असतील, परंतु आपण अंगाला लावण्याचा माल तयार करू शकता, असे त्यांपैकी कोणतीही नोंद सांगत नाही. काही ग्राहक लोणची आणि मसाल्यांसोबत साबणही करतात आणि अन्नपदार्थांचा परवाना दोन्हींना पुरेल असे धरून चालतात. तसे नाही. अन्नाचा कायदा वेगळा आहे आणि प्रसाधनांचा वेगळा.

प्रसाधनांना लागू होणारा कायदा म्हणजे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४०, आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, २०२०. शरीराची स्वच्छता करण्यासाठी, शोभा वाढवण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी अंगाला चोळायची, ओतायची, शिंपडायची किंवा फवारायची कोणतीही वस्तू या कायद्याच्या दृष्टीने प्रसाधन ठरते. दिवाळीचे उटणे, काजळ, केशतेल, लिप बाम ही सर्व त्यात येतात. साबण पूर्वी व्याख्येतून वगळलेला होता, पण १९८२ च्या दुरुस्तीने ती सवलत काढून टाकण्यात आली. म्हणून ‘साबणाला काही लागत नाही’ हा जुन्या मंडळींचा सल्ला आज उपयोगाचा नाही. विक्रीसाठी किंवा वाटपासाठी माल तयार करायचा असेल तर परवाना हवा, अशी कायद्याची भाषा आहे. त्यात दुकान आणि ऑनलाइन असा भेद नाही, महिन्याला दहा नग आणि दहा हजार नग असाही भेद नाही. व्हॉट्सॲपच्या गटावर ओळखीच्यांना केलेली विक्री हीदेखील विक्रीच असते.

येथे एक गैरसमज वारंवार दिसतो. शेजारच्या ताई तीन वर्षे क्रीम विकत आहेत आणि त्यांच्याकडे असा परवाना नाही, असे आम्हाला सांगितले जाते. बहुतेक वेळा त्या ताई दुसऱ्याने तयार करून पॅक केलेला माल विकत असतात. तयार प्रसाधने विकण्यासाठी वेगळा विक्री परवाना लागत नाही; परवाना लागतो तो तयार करणाऱ्याला. त्यामुळे आपण उत्पादक आहात की केवळ विक्रेते, हे आधी स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. मोठ्या डब्यातून आणलेले तेल आपल्या बाटल्यांत भरून त्यावर आपले लेबल लावणे म्हणजे नुसती विक्री नव्हे, हेही लक्षात असू द्यावे.

महाराष्ट्रात हा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. अर्ज ‘सीओएस-५’ या नमुन्यात करायचा असतो आणि परवाना ‘सीओएस-८’ या नमुन्यात दिला जातो. तो एकदा मिळाला, की दर पाच वर्षांनी शुल्क भरून चालू ठेवता येतो. घरून काम करणाऱ्यांची खरी अडचण कागदपत्रांची नसून जागेची आहे. उत्पादनाची जागा राहण्यासाठी वापरलेली नसावी आणि राहत्या भागाशी आतून जोडलेलीही नसावी, अशी अट आहे. भिंती जमिनीपासून सहा फुटांपर्यंत गुळगुळीत आणि पाणी न मुरणाऱ्या हव्यात, आणि काम पात्र तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली चालले पाहिजे. स्वयंपाकघर कितीही स्वच्छ असले तरी या अटीत बसत नाही. हे ऐकताना वाईट वाटते याची आम्हाला जाणीव आहे, कारण आमच्या कित्येक ग्राहकांच्या मालाचा दर्जा खरोखर उत्तम असतो. परंतु हे लेबल छापून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

स्वतःची जागा नसणाऱ्यांना दोन मार्ग उपलब्ध आहेत. पहिला लोन लायसन्सचा: परवानाधारक कारखान्याची जागा आणि यंत्रे वापरून आपला माल तेथे करायचा आणि त्यासाठी ‘सीओएस-६’ या नमुन्यात अर्ज करून स्वतःच्या नावाने परवाना घ्यायचा. दुसरा मार्ग म्हणजे परवानाधारक उत्पादकाकडून आपल्या कृतीप्रमाणे माल करून घ्यायचा. अशा वेळी लेबलवर उत्पादक म्हणून त्याचे नाव, त्याचा पत्ता आणि त्याचाच परवाना क्रमांक येतो, आणि आपले नाव विपणन करणारे म्हणून येते. छोट्या ग्राहकांना आम्ही बहुधा दुसरा मार्ग सुचवतो. लहान प्रमाणात माल करून देणाऱ्या काही उत्पादकांची लेबले आमच्याकडेच छापली जातात. त्यांच्या संमतीने आपली गाठ घालून देता येईल, आणि त्यासाठी आम्ही कोणाकडूनही दलाली घेत नाही.

परवाना असणाऱ्यांकडूनही एक चूक होते. परवान्यासोबत मंजूर उत्पादनांची यादी असते आणि तो त्या यादीपुरताच असतो. साबणाच्या परवान्यावर फेस सिरम विकता येत नाही. त्यासाठी यादीत भर घालून घ्यावी लागते. म्हणून आम्ही परवान्याच्या पहिल्या पानाबरोबर ही यादीही मागतो आणि उत्पादनाचे नाव यादीत असेल तसेच लेबलवर घेतो.

‘आयुर्वेदिक’ हा शब्द आम्ही विचारपूस केल्याशिवाय छापत नाही. आयुर्वेदिक प्रसाधनांसाठी प्रसाधनांचा साधा परवाना पुरत नाही. त्यांना आयुर्वेदिक उत्पादनाचा ‘२५-डी’ नमुन्यातील परवाना लागतो. कडुनिंब, हळद आणि आवळा घातला म्हणून माल कायद्याने आयुर्वेदिक होत नाही.

आता सर्वाधिक वेळ खाणाऱ्या चुकीविषयी. गेल्या दिवाळीच्या आधी एका ग्राहकांनी उटण्याच्या दोन हजार पाऊचची लेबले घाईने छापून घेतली. परवाना क्रमांकाच्या जागी उद्यम क्रमांक होता आणि आम्हीही त्या वेळी इतके काटेकोर नव्हतो. ऑनलाइन विक्रीच्या एका संकेतस्थळाने परवान्याची प्रत मागितली आणि नोंदणी तेथेच अडली. त्यांनी दुसऱ्या उत्पादकाशी करार केला तेव्हा नाव, पत्ता आणि क्रमांक तिन्ही बदलले, आणि त्यांनी आम्हाला जुन्या मजकुरावर चिकटवण्यासाठी छोटे स्टिकर छापून मागितले. ते आम्ही देऊ शकलो नाही. आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंच्या २०११ च्या वैधमापन (वजन-मापांच्या) नियमांनुसार सक्तीचा मजकूर बदलण्यासाठी किंवा नव्याने देण्यासाठी पाकिटावर वेगळा स्टिकर लावता येत नाही. किंमत कमी केली असेल तर नव्या किमतीचा स्टिकर चालतो, पण त्यानेही मूळ किंमत झाकली जाता कामा नये. शेवटी सर्व लेबले रद्द करावी लागली आणि पाडवा हातचा गेला. त्या कामापासून परवान्याची प्रत पाहिल्याशिवाय आम्ही छपाई घेत नाही. काही ग्राहकांना हा अविश्वास वाटतो. पण रद्द झालेल्या लेबलांचे पैसे आपल्याच खिशातून जातात आणि ते परत करण्याचा कोणताही मार्ग आमच्याकडे नसतो. ‘परवान्यासाठी अर्ज केला आहे’ हा मजकूरही आम्ही छापत नाही.

लेबलवर पुढील मजकूर लागतो: उत्पादनाचे नाव, उत्पादकाचे नाव व उत्पादनाच्या जागेचा पूर्ण पत्ता, ‘बी’ अक्षरापुढे बॅच क्रमांक, ‘एम’ अक्षरापुढे परवाना क्रमांक, उत्पादनाचा महिना व वर्ष, कोणत्या महिन्यापूर्वी वापरावे ती मुदत, घटकांची यादी, निव्वळ वजन किंवा माप, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क. शंभर ग्रॅमचा साबण एकशे वीस रुपयांना असेल, तर ‘प्रति ग्रॅम १.२० रुपये’ हेही लिहावे लागते. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने द्यायचे असतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने चालतात. कृती कोणी उचलेल या भीतीने ‘निवडक वनस्पतींचे अर्क’ एवढेच लिहून भागत नाही. यादीत नावे द्यायची असतात, प्रत्येकाचे प्रमाण सांगायचे नसते, त्यामुळे आपली कृती आपल्याकडेच राहते.

भाषेबद्दल आमच्या मराठी ग्राहकांना विशेष सांगायचे आहे. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे सक्तीचा मजकूर देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावा लागतो. मराठी मजकूर त्याच्या जोडीला देता येतो, त्याच्या ऐवजी नाही. मराठी लेबल सुंदर दिसते आणि ते छापताना आम्हालाही आनंद होतो, म्हणून दोन्ही भाषा बसतील असा लेबलचा आकार आधीच ठरवावा. अक्षरांची उंची किमान एक मिलिमीटर हवी. लिप बामच्या डबीसाठी लेबल करताना ही अट सर्वांत आधी आड येते.

बॅच, तारखा आणि किंमत दर वेळी बदलतात, म्हणून त्या छापून घेऊ नयेत. त्यांच्यासाठी आम्ही लेबलवरच एक चौकट कोरी, वार्निश न करता सोडतो, म्हणजे आपल्याला माल भरल्यावर तेथे शिक्का मारता येतो. तेलाच्या बाटल्यांसाठी मात्र साधी शाई वापरू नये. तेलकट बोट लागताच ती पुसली जाते आणि बॅच क्रमांक असून नसल्यासारखा होतो. फिल्मच्या (प्लॅस्टिकच्या) लेबलवर रेझिन रिबनने, म्हणजे उष्णतेने अक्षरे उमटवणाऱ्या प्रिंटरच्या फितीने, उमटवलेली अक्षरे टिकतात. ज्यांच्याकडे तसा प्रिंटर नाही, त्यांच्या बॅचची छपाई आम्ही रोलवर करून देतो.

दाव्यांच्या बाबतीत आम्ही डिझाइनवर लाल खुणा करतो आणि त्यावरून कधीकधी नाराजी होते. ‘केस मऊ राहतात’ हे प्रसाधनाचे काम झाले. ‘केस गळणे बरे होते’, ‘एक्झिमावर उपाय’ ही औषधाची भाषा झाली, आणि ती वापरताच आपला माल विनापरवाना औषध ठरण्याचा धोका उभा राहतो. कोडावरील (अंगावरच्या पांढऱ्या डागांवरील) उपचाराच्या जाहिरातीला तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने स्वतंत्र मनाई आहे. ‘केमिकल फ्री’ हे शब्द साबणावर आम्ही सुचवत नाही, कारण तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या रासायनिक क्रियेशिवाय साबण होतच नाही, आणि ग्राहकाची दिशाभूल करणारा मजकूर प्रसाधनावर चालत नाही. त्याऐवजी ‘कृत्रिम सुगंध नाही’ असे खरे असेल तर लिहावे. खरेदी करणाऱ्याला ते अधिक कळते.

वैधमापनाच्या नियमांप्रमाणे लेबलवर सक्तीचा असलेला मजकूर ऑनलाइन पानावरही द्यावा लागतो. उत्पादनाचा महिना व वर्ष यांना तेवढी सूट आहे. बाटलीवर जपून लिहिलेला दावा इन्स्टाग्रामच्या पोस्टमध्ये मोकाट सुटतो, असे आम्ही पाहिले आहे. पोस्टही जाहिरातच असते. लेबलचा मंजूर मजकूर आम्ही टाइप केलेल्या स्वरूपात सोबत देतो, तो तसाच पानावर चिकटवता येतो.

छपाईसाठी येताना परवान्याची प्रत, मंजूर उत्पादनांची यादी, घटकांची प्रमाणाच्या क्रमाने यादी आणि भरलेली एक बाटली किंवा डबी आणावी. रिकामी नको, कारण तेल भरल्यावर प्लॅस्टिकची बाटली किंचित फुगते आणि लेबलला सुरकुती पडते. दुसऱ्याच्या परवान्यावर माल होत असेल, तर त्यांच्या लेटरहेडवर लेबलच्या मजकुराची संमती आणावी. मजकुराची तपासणी विनामूल्य आहे आणि आपण छपाई दुसरीकडे करणार असलात तरी ती आम्ही करून देऊ. कमीत कमी अडीचशे लेबले छापली जातात. प्रूफ (छपाईपूर्वी तपासायचा नमुना) सही होऊन परत आल्यापासून पाच दिवसांत काम मिळते. दिवाळीची कामे मात्र नवरात्रापूर्वी सही होऊन आली पाहिजेत.