अकरा डालेक सापडले, बारावा कुठंय?

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथांची मालिका १९६३ साली सुरू झाली. तिच्या चाहत्यांसाठी निघणाऱ्या ‘चित्रात शोधा’ पुस्तकांत दोन पानं भरून गर्दी असते. त्यात कुठेतरी निळा पोलीस बॉक्स, म्हणजे नायकाचं कालयान टार्डिस, कुठेतरी लांबलचक मफलरवाला चौथा डॉक्टर (नायक डॉक्टर, त्याचं रूप बदलत राहतं, त्यातलं हे चौथं), आणि कोपऱ्यात सूचना: बारा डालेक शोधा. डालेक म्हणजे मालिकेतले खलनायक: यंत्रासारखे, वर घुमट आणि खाली घागऱ्यासारखा भाग असलेले. ज्यांना मालिका तोंडपाठ आहे, तेही इथे अडकतात. कारण कस लागतो तो डोळ्यांचा, आणि चित्रकाराला डोळ्यांच्या खोडी ठाऊक असतात.

हात लांब करून अंगठ्याकडे पाहा. त्याच्या रुंदीएवढ्या, साधारण २ अंशांच्या भागातच आपल्याला बारीक तपशील दिसतो. पुस्तक ४० सेंमीवर धरलं, तर हे वर्तुळ जेमतेम १.४ सेंमीचं होतं. ए-फोर आकाराची समोरासमोरची दोन पानं म्हणजे सुमारे १,२५० चौरस सेंमी. तेव्हा सगळं नीट पाहायचं तर नजरेला आठशेच्या वर थांबे घ्यावे लागतील. सेकंदाला तीन-चार थांबे धरले तरी साडेतीन ते साडेचार मिनिटं गेली, तीही एकाच जागी दोनदा न जाता.

कडेच्या नजरेने पाहून हे काम वाचवावं, तर तिथे गर्दी आडवी येते. नजरेच्या केंद्रापासून जितक्या अंतरावर वस्तू, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात शेजारी आला की दोघांची खिचडी होते. पानावर ७ सेंमी बाजूला असलेला डालेक ओळखू यायला त्याच्याभोवती साडेतीन सेंमी मोकळी जागा हवी. चित्रकार अर्धा सेंमीही सोडत नाही.

मग टार्डिस तरी पटकन का दिसू नये? निळी तर आहे! ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड यांनी १९८० साली मांडलेल्या सिद्धांतात याचं उत्तर आहे. लाल ठिपक्यांत एकच निळा ठिपका असेल तर ठिपके दहा असोत वा शंभर, तो लगेच डोळ्यांत भरतो. पण लक्ष्य ‘निळं आणि उभट’ असं जोडगुणाचं असलं आणि आसपास निळ्या छत्र्या, उभट लाल फोन बूथ पेरलेले असले, की एकेक वस्तू तपासावी लागते. म्हणून शोधाआधी ठरवा: या पानावर सर्वांत कमी वस्तूंत असलेला गुण कोणता? निळा रंग भरपूर असेल तर टार्डिसच्या छतावरचा दिवा शोधा. मफलरवाल्याच्या बाबतीत रंग कुचकामी, तिथे रंगच ढीगभर. गुडघ्याखाली लोंबणारे पट्टे बघा.

आता पद्धत. जाड कागदात ८ सेंमीची चौकोनी खिडकी कापा. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात करून ती दर वेळी ७ सेंमीच सरकवा. साधारण २४ जागा होतात, प्रत्येकीला दहा सेकंद, म्हणजे एकूण चार मिनिटं. एक सेंमीची ही पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटते, पण ती सोडली तर रेषेवर अर्धा कापलेला डालेक दोन्ही खिडक्यांत निसटतो. एका फेरीत एकच लक्ष्य ठेवा. गुळगुळीत कागदावर दिवा चमकत असेल तर पुस्तक तिरकं करा आणि मधली घडी दाबून सपाट करा. लपवायला ती घडी फार सोयीची.

एकूण आकडा दिलेला नसेल तर आपण लवकर हार मानतो. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांच्या २००५ सालच्या प्रयोगात लक्ष्य निम्म्या चित्रांत होतं, तेव्हा लोकांकडून ७ टक्के लक्ष्यं सुटली. ते १०० पैकी एकाच चित्रात ठेवलं, तेव्हा ३० टक्के सुटली. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांसमोर नेमकी हीच अडचण असते. २०१३ साली तर २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसांच्या स्कॅनमधल्या गाठी शोधायला सांगून त्यातच एक गोरिला घातला होता, गाठीच्या ४८ पट मोठा. वीस जणांना तो दिसलाच नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट त्याच्यावर पडून गेली होती.

बाराव्या डालेकचंही तसंच. डोक्यात समोरून दिसणारा, अख्खा डालेक बसलेला असतो आणि चित्रात मात्र कुणाच्या तरी पाठीमागून त्याचा फक्त तुकडा डोकावतो. म्हणून शेवटच्या फेरीत डालेक शोधू नका. घागऱ्यावरचे अर्धगोल शोधा, नाहीतर घुमटावरचे दोन दिवे. तरीही जमलं नाही तर पुस्तक उलटं धरा. उलटे चेहरे ओळखणं जड जातं, त्यामुळे गर्दीतल्या ओळखीच्या पात्रांकडे नजर ओढली जात नाही आणि गोल, पट्टे, कडा हेच आकार पुढे येतात.