चाचणी निगेटिव्ह, म्हणून नशा नव्हती?

रुग्णाच्या डोळ्यांत भीती, कोणीतरी मागावर आहे अशी ठाम समजूत, कानात आवाज. सोबत आलेले मित्र सांगतात, गांजासारखंच काहीतरी ओढलं होतं. लघवी तपासली तर गांजाचा मागमूस नाही. मित्रांना खोटं ठरवण्याआधी इथे कृत्रिम कॅनाबिनॉइडची, म्हणजे गांजासारखा परिणाम करणाऱ्या प्रयोगशाळेत बनलेल्या रसायनांची, शंका यायलाच हवी.

ही रसायनं गांजाच्या झाडात नसतात. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात जॉन हफमन यांच्या प्रयोगशाळेत जेडब्ल्यूएच-०१८ हा रेणू निव्वळ संशोधनासाठी बनला. २००८ च्या अखेरीस तोच ‘स्पाइस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या सुक्या पाल्यात सापडला. गांजातलं नशा आणणारं रसायन टीएचसी मेंदूतले सीबी-१ ग्राही (पेशींवरची, अशी रसायनं जिथे चिकटून परिणाम करतात ती ठिकाणं) अर्धवटच चेतवतं. ही रसायनं बहुधा पूर्ण ताकदीने चेतवतात. म्हणून भास, संशय, हिंसक अस्वस्थता, आत्महत्येचे विचार, कधी आकडी. आधीच स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार असेल तर तो उसळतो. त्यात रसायन द्रावकात विरघळवून पाल्यावर फवारलेलं असल्याने ते सगळीकडे सारखं बसत नाही. एकाच पुडीतला एक झुरका सौम्य, दुसरा जीवघेणा ठरू शकतो.

जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात ३३ जण एकाच वेळी बाधित झाले. शून्यात लागलेली नजर, कण्हणं, हातापायांच्या संथ, यांत्रिक हालचाली. पुडीत एएमबी-फ्युबिनाका हे रसायन निघालं. रुग्णांच्या रक्तात मात्र ते मूळ रूपात नव्हतंच. शरीराने त्याचं केलेलं आम्ल तेवढं सापडलं.

तपासाची खरी अडचण इथेच आहे. गांजाची झटपट चाचणी टीएचसीपासून शरीरात बनणारे पदार्थ ओळखते, आणि या रेणूंची रचना साफ वेगळी असते. त्यामुळे लिक्विड क्रोमॅटोग्राफी (मिश्रणातले रेणू वेगळे करणारी पद्धत) आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (वस्तुमानावरून रेणू ओळखणारी पद्धत) लागते. तीही काय शोधायचं ते ठाऊक असेल तरच कामाची. म्हणून शास्त्रज्ञ नवा रेणू मानवी यकृतपेशींसोबत ठेवून त्याचे कोणते तुकडे होतात ते आधी पाहतात.

चीनने जुलै २०२१ मध्ये या रसायनांच्या अख्ख्या गटांवर बंदी घातली, पण त्यात न बसणारे नवे रेणू लवकरच बाजारात आले. म्हणूनच माझ्या मते रुग्ण दाखल होतानाचं रक्त, लघवी आणि उरलेली पुडी जपून ठेवणं हे उपचाराइतकंच निकडीचं काम आहे. उच्च क्षमतेचं मास स्पेक्ट्रोमीटर नमुन्यातल्या असंख्य रेणूंची नोंद एकदमच घेतं. आज अनोळखी राहिलेला रेणू पुढे ओळखला गेला, तर जुन्या नोंदीतही तो शोधता येतो.