सांबारात भिजलेलं जर्नल

मागच्या जानेवारीत एनएसएसच्या पोरांनी आमच्या ऐरोलीच्या कॉलेजातला कॅन्टीनबाहेरचा डस्टबिन पेपर पसरून त्यावर सरळ उलटा केला. मी नाक धरून बाजूला. निघालं काय, तर अर्धे वडापाव, चहाचे कागदी कप, वेफर्सची पाकिटं आणि एक अख्खं फिजिक्सचं जर्नल, सगळ्या सह्या झालेलं पण सांबारात भिजलेलं. कोरडं असतं तर रद्दीत गेलं असतं, आता रद्दीवाला हात लावेल का त्याला?

कागद म्हणजे सेल्युलोजचे धागे. मिलमध्ये ते पाण्यात घुसळून सुटे करतात आणि परत कागद बनवतात, असं साधारण ५ ते ७ वेळा जमतं कारण दरवेळी धागे तुटून आखूड होत जातात. पण तेल काही पाण्यात विरघळत नाही, ते धाग्यांना चिकटून बसतं, मग नवीन कागदावर डाग पडतात आणि धागे एकमेकांना नीट धरतही नाहीत. ओला-सुका वेगळा ठेवा हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं, आमच्याकडे हिरवा-निळा डबाही आहे, फक्त दोन्हीत सगळंच असतं!

ओल्याचं तर अजून वाईट. तुर्भ्यासारख्या डम्पिंगला तो ढिगाखाली दबला की हवा मिळत नाही, मग हवेशिवाय जगणारे जंतू मिथेन तयार करतात, आणि १०० वर्षांचा हिशोब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता धरून ठेवतो.

म्हणून आम्ही मागच्या अंगणात खताचा ड्रम लावला आणि आठवड्यात माती खाल्ली. नुसता भात-भाजी टाकली होती, चिखल झाला, आत हवा जाईना आणि असा वास सुटला की लायब्ररीतून तक्रार आली. चूक साधीच होती. जंतूंना नायट्रोजनच्या २५-३० पट कार्बन लागतो आणि उष्ट्या अन्नात तो कमी असतो, वर पाणी भरपूर. कार्बन होता कुठे तर गेटपाशी, रेन ट्रीच्या वाळक्या पानांत, जी शिपाईमामा रोज झाडून जाळायचे (जाळू नका हे त्यांना तीनदा सांगितलं होतं, असो). पानं मिसळली, काडीने भोकं पाडली. चौथ्या दिवशी लॅबमधला थर्मामीटर खुपसला तर ५८ अंश! बाहेर २९. जंतूंच्या नुसत्या खाण्याने एवढी उष्णता, आणि ५५ च्या वर काही दिवस राहिलं की रोगजंतू, तणाचं बी वगैरे बहुतेक मरतं.

कागदी कप पण त्यात टाकले होते काहींनी. महिन्याने कागद गेला आणि आतून पातळ पारदर्शक कातडी निघाली, कपाच्या आकाराची. ते पॉलिथिलीन, चहा गळू नये म्हणून लावलेलं. आता बरीच पोरं स्टीलचा ग्लास आणतात, कॅन्टीनवाल्या अण्णांना धुवायची कटकट नको होती म्हणून ग्लास ज्याचा त्याने धुवायचा असं ठरलं.

वेफर्सच्या पाकिटांवर मात्र आमच्याकडे उपाय नाही. प्लास्टिकचे थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा, एकमेकांना असे चिकटलेले की सुटे करायचा खर्च मालापेक्षा जास्त. भंगारवाले काका बाटल्या नेतात, पुठ्ठा नेतात, पाकिटांची गोणी पायाने बाजूला सारतात. ती अजून जिन्याखालीच पडून आहे.